गतीचे आलेख : लेकीला रेषेत रस्ता दिसतो

जुळे_सोलापूर
नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे, सेमी इंग्रजीला. विज्ञानाचा पहिलाच धडा गतीचे नियम, त्यात अंतर-काल आलेख. चाचणीत प्रश्न असा होता. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर घरापासूनचं अंतर. रेषा शून्यातून निघते, १० व्या मिनिटाला २ किमीपर्यंत चढते, २५ व्या मिनिटापर्यंत आडवी जाते आणि ३३ व्या मिनिटाला परत शून्यावर येते. सायकलस्वाराच्या प्रवासाचं वर्णन करा.

लेकीनं लिहिलं, "सायकल आधी चढावर गेली. मग सपाट रस्ता लागला. मग ती उतारावरून खाली आली." लाल फुली, शून्य गुण, बाजूला एक अक्षर नाही. मी स्वतः कॉमर्सची. उत्तर वाचलं तेव्हा मलाही ते पटलं होतं. रेल्वेच्या पुलावर सायकल चढवायची, वर थोडं सरळ जायचं आणि पलीकडे उतरायचं, अगदी तसंच चित्र समोर होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात खरं उत्तर सांगितलं गेलं : गेली, थांबली, परत आली. ते तिनं पाठ केलं. पुढच्या गणितात रेषेचा आकार तोच, पण उभ्या अक्षावर वेग. हिनं पुन्हा लिहिलं, "गेली, थांबली, परत आली." पुन्हा फुली. आता वही बंद करून बसलीय आणि म्हणते, मला फिजिक्स जमणारच नाही. कसं समजावू?

फळा_खडू
ताई, आधी लेकीला सांगा की तिची चूक तिच्या एकटीची नाही. मी २२ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतोय आणि दरवर्षी अकरावीच्या पहिल्या आठवड्यात हेच उत्तर मला मिळतं, दहावीला नव्वद टक्के घेतलेल्या मुलांकडूनसुद्धा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडर्मॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या याच अडचणींवर १९८७ साली अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये लेख लिहिला. तिथली कॉलेजातली मुलंही रेषेचा चढ आणि रेषेची उंची यांत गोंधळत होती. १९९४ मध्ये रॉबर्ट बाइश्नर यांनी फक्त गतीचे आलेख कळतात का, हे तपासणारी एक चाचणीच त्याच नियतकालिकात मांडली. आलेखाला प्रसंगाचं चित्र समजणं, ही त्यात नोंदलेली एक ठळक चूक.

आपल्याकडे तर भाषाही मुलांना त्याच वाटेनं नेते. 'रेषेचा चढ' हा गणितातला शब्द. रस्त्यालाही चढच असतो. मास्तर फळ्यावर बोट ठेवून "इथे चढ जास्त आहे" म्हणतात आणि पोरीच्या डोळ्यांपुढे घाट उभा राहतो. म्हणून मी पहिले दोन तास 'चढ' हा शब्दच काढत नाही. "दर मिनिटाला किती किलोमीटर वाढले?" एवढंच विचारतो. नाव नंतर.

आता घरी करायचं ते सांगतो. एक जुनी लग्नपत्रिका घ्या, जाड असते म्हणून. तिच्यात ब्लेडनं उभी, अगदी अरुंद फट पाडा, आलेखाच्या उंचीएवढी. ही फट आलेखावर ठेवून डावीकडून उजवीकडे सावकाश सरकवा. फटीतून रेषा दिसणार नाही, फक्त एक टिंब दिसेल. ते टिंब म्हणजे सायकल. पत्रिका सरकवणारा तुमचा हात म्हणजे घड्याळ. टिंब वर गेलं की सायकल घरापासून लांब चालली, टिंब जागेवर राहिलं की ती उभी आहे, खाली आलं की घराकडे निघाली. या आलेखात रस्ता आहे तो फक्त उभ्या अक्षावर. आडव्या अक्षावर नुसता काळ सरकतो.

आणि हो, येताना ती जास्त जोरात आली. जाताना २ किमीला १० मिनिटं म्हणजे ताशी १२ किमी. येताना तेवढ्यालाच ८ मिनिटं, म्हणजे ताशी १५. उतारावर सायकल जोरात येते, म्हणजे शेवटी वेग जास्त, एवढं तिच्या उत्तरातलं जुळतं. चुकला तो उतार.

उजळणी
मी क्लास घेतो, माझं मत थोडं वेगळं आहे. सीईटीला एका प्रश्नाला फार थोडा वेळ मिळतो. मुलांना चार ओळींचा तक्ता पाठ करून द्या. स्थिती-काल आलेखाचा (स्थिती म्हणजे ठरलेल्या ठिकाणापासून गाडी कुठे आहे ते) चढ म्हणजे वेग, वेग-काल आलेखाचा चढ म्हणजे त्वरण (वेग बदलण्याचा दर), त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन (निघाल्या जागेपासून पोहोचल्या जागेपर्यंतचं सरळ अंतर), त्वरण-काल आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे वेगातला बदल. पत्रिका कापत बसायला वेळ कुणाकडे आहे?

फळा_खडू
तक्ता बरोबरच आहे, मीही देतो. पण ताईंच्या मुलीनं नेमकं तेच तर केलं. एका आकाराचं उत्तर पाठ केलं आणि तो आकार पुन्हा दिसल्यावर तेच उतरवलं. एक प्रयोग करून पाहा. फळ्यावर एकच आकार काढा, वर जाणारी, मग आडवी, मग खाली येणारी रेषा. उभ्या अक्षावर आधी 'स्थिती' लिहा, ते पुसून 'वेग' लिहा, मग 'त्वरण'. प्रत्येक वेळी विचारा, गाडी काय करतेय? स्थिती असेल तर गेली, थांबली, परत आली. वेग असेल तर वेग घेतला, एकसारखी धावली, मग वेग कमी करत थांबली आणि या सगळ्या वेळात पुढेच गेली, परत आलीच नाही. त्वरण असेल आणि गाडी उभ्यानं निघालेली असेल, तर ती शेवटपर्यंत वेग वाढवतच राहते. रेषा खाली येतानासुद्धा! तिथे मुलं हमखास चुकतात, कारण खाली जाणारी रेषा दिसली की हात आपोआप 'मंदावली' लिहितो.

उजळणी
सर, आज संध्याकाळच्या बॅचला करून पाहिलं. २६ मुलांपैकी त्वरणाचं उत्तर तिघांना आलं. तक्ता सगळ्यांना तोंडपाठ होता. तुमचं म्हणणं मान्य.

अकरावी_ब
सर, मला दोन शंका आहेत. एक, स्थिती-काल आलेखात दोन गाड्यांच्या रेषा छेदतात, त्या क्षणी दोघींचा वेग सारखा असतो ना? सराव परीक्षेत मी 'हो' लिहिलं आणि चुकलं. दोन, वेग ऋण आहे आणि रेषा वर चाललीय, तर गाडी वेग वाढवतेय की कमी करतेय?

निवृत्त_कंट्रोलर
पहिल्या शंकेला मी उत्तर देतो, कारण उभं आयुष्य याच आलेखासमोर गेलं. मी मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात सेक्शन कंट्रोलर होतो, म्हणजे कोणती गाडी कुठे थांबवायची, कुठे सोडायची ते ठरवणारा. कंट्रोलरच्या टेबलावर मोठा चार्ट असतो. आडवी वेळ, मिनिटामिनिटाच्या बारीक रेघा. उभी स्टेशनं, कुर्डुवाडी, माढा, मोहोळ, पाकणी अशी एकाखाली एक. स्टेशन मास्तर फोनवर सांगणार, "अमुक गाडी इतक्या वाजता थ्रू", म्हणजे न थांबता गेली, की आपण त्या स्टेशनाच्या रेघेवर त्या मिनिटाला टिंब द्यायचं आणि मागच्या टिंबाला जोडायचं. माझ्या काळात हे सगळं पेन्सिलीनं आणि पट्टीनं. आता कॉम्प्युटर काढतो, पण आलेख तोच.

त्या कागदावर एक नजर टाकली की पूर्ण सेक्शन दिसायचा. उभट रेघ म्हणजे मेल गाडी, लोळलेली रेघ म्हणजे मालगाडी, आडवी रेघ म्हणजे गाडी उभी. मुंबईकडून येणाऱ्या डाऊन गाड्यांच्या रेघा एकीकडे कललेल्या, अप गाड्यांच्या उलट.

आता छेदणाऱ्या रेघांचं. मोहोळला मालगाडी लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतलीय आणि मेन लाईनवरून वंदे भारत थ्रू निघालीय असं समज. मालगाडीची रेघ मोहोळच्या ओळीवर आडवी पडलीय, वंदे भारतची रेघ तिला कापून उभट गेली. ज्या टिंबावर त्या कापतात तिथे एकीचा वेग शून्य आणि दुसरीचा ताशी शंभरच्या आसपास. मग सारखं काय? वेळ सारखी आणि जागा सारखी, बस्स. दोघी त्या मिनिटाला मोहोळात होत्या एवढंच ते टिंब सांगतं. वेग सारखा कधी? दोन्ही रेघा एकमेकींना समांतर असतील तेव्हा, मग त्या कितीही लांब असोत.

आणखी एक सांगतो, ते मुलांना विसरता येणार नाही. एकेरी मार्ग होता तेव्हा अप आणि डाऊन गाड्यांच्या रेघा एकमेकींना कापणारच, त्याला इलाज नाही. पण त्या कापायच्या कुठे, तर स्टेशनाच्या ओळीवरच. दोन स्टेशनांच्या मधल्या कोऱ्या जागेत जर छेद पडत असेल, तर प्रत्यक्षात एकाच रुळावर दोन इंजिनं समोरासमोर. ते होऊ न देण्यासाठी ब्लॉकची यंत्रणा (दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी सोडणारी) असते, सिग्नल असतात. पण कोणती गाडी कुठे थांबवून क्रॉसिंग करायचं हे आम्ही पेन्सिलीनं आधी कागदावर पुढची रेघ ओढून ठरवायचो. माझ्या लेखी तो छेदनबिंदू म्हणजे माणसांची सुरक्षितता होती. म्हणून मुलांना हा आलेख नीट कळावा असं मला फार वाटतं.

फळा_खडू
काका, हे मी उद्याच वर्गात सांगणार. १९ व्या शतकात पॅरिस ते ल्यों गाड्यांचा असाच आलेख एतियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञानं आपल्या पुस्तकात छापला होता. पण मोहोळची मालगाडी मुलांना जास्त कळेल.

अकरावी_ब, आता दुसरी शंका. वेगाचं चिन्ह फक्त दिशा सांगतं. त्वरण म्हणजे वेग-काल रेषेचा चढ. दोघांची चिन्हं सारखी असतील तर गाडी वेग वाढवते, विरुद्ध असतील तर मंदावते. तुझ्या उदाहरणात वेग ऋण, रेषा वर चाललीय म्हणजे त्वरण धन, म्हणून ती मंदावतेय. सोपी खूण अशी, रेषा शून्याच्या अक्षाकडे येतेय का त्यापासून लांब जातेय ते बघ. जवळ येतेय तर मंदावतेय.

चेंडू सरळ वर फेक, सेकंदाला १९.६ मीटर वेगानं. वेग-काल आलेख ही एकच सरळ रेषा, दर सेकंदाला ९.८ नं उतरणारी. २ सेकंदांनी ती अक्ष ओलांडते, तो सर्वोच्च बिंदू. तिथे वेग शून्य आहे, पण रेषेचा कल काही बदलला नाही. त्वरण तेवढंच आहे. "वर गेल्यावर चेंडू क्षणभर थांबतो म्हणून त्वरणही शून्य" असं म्हणणाऱ्याला ही रेषा दाखव. त्वरण शून्य असतं तर रेषा तिथून आडवी गेली असती आणि चेंडू हवेतच राहिला असता.

जुळे_सोलापूर
सर, तुमचे आभार कसे मानू. भावाच्या लग्नाची पत्रिका होती, तिला फट पाडली. लेकीनं स्वतः सरकवली. आडव्या भागात टिंब हलेना तर म्हणाली, "आई, सायकल स्टँडला लावली का गं?" आणि शेवटी, "अगं, हे तर घरी आलं!" मी काहीच सांगितलं नव्हतं. मग वेगाचा आलेख घेतला. तिथे टिंब वर गेलं तेव्हा ती आपणहून म्हणाली की हे टिंब सायकल नाही, हा सायकलचा काटा आहे. गाडीच्या मीटरचा काटा म्हणायचं होतं तिला. मला वाटतं तिला कळलं.

पण आता एक प्रश्न मलाच पडलाय. क्षेत्रफळ म्हणजे अंतर, हे कसं? क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये असतं. वहीवरच्या चौरस सेंटिमीटरचे रस्त्यावरचे मीटर कसे होतात?

फळा_खडू
काटा! ताई, यापुढे मी वर्गात हेच म्हणणार, अंतराच्या आलेखात टिंब म्हणजे गाडी, वेगाच्या आलेखात टिंब म्हणजे काटा.

तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण बहुतेक मुलं तो विचारतच नाहीत, सूत्र लिहून मोकळी होतात. गाडी ताशी ४० किमीनं २ तास धावली, अंतर ८० किमी. हे चौथीतलं पोरही सांगेल. आलेखावर ही आडवी रेषा ४० वर, खाली २ तासांची लांबी, म्हणजे आयत. त्याची उंची ४० आहे, पण ४० सेंटिमीटर नाही, ताशी ४० किलोमीटर. रुंदी २ तास. गुणाकारात तास तासाला जातात, किलोमीटर उरतात. एकक कागद ठरवत नाही, अक्ष ठरवतात.

वेग बदलत असेल तर त्या रेषेखाली सुरीनं कापल्यासारख्या उभ्या पातळ पट्ट्या करा. एका पट्टीत वेग जवळजवळ एकसारखाच, म्हणून प्रत्येक पट्टी एक बारीक आयत, म्हणजे त्या क्षणापुरतं थोडंसं अंतर. सगळ्या पट्ट्या मिळून पूर्ण प्रवास. १४ व्या शतकात पॅरिसच्या निकोल ओरेम यांनी वेगाची अशी आकृती काढून एकसमान वाढणाऱ्या वेगाचा त्रिकोण आणि सरासरी वेगाचा आयत सारखेच भरतात हे दाखवलं. तेव्हा आजच्यासारखी सूत्रंही नव्हती. पुढे १६३८ मध्ये गॅलिलिओनं पडणाऱ्या वस्तूंसाठी हाच युक्तिवाद वापरला.

लेकीकडून हे करून घ्या. एसटी स्टँडमधून निघाली, २० सेकंदांत वेग ० वरून सेकंदाला १० मीटर झाला, ३० सेकंद तोच राहिला, मग सिग्नलला १० सेकंदांत थांबली. आलेखाच्या कागदावर आडवं एक घर ५ सेकंदांचं, उभं एक घर सेकंदाला २ मीटरचं घ्या. म्हणजे एका चौकटीची किंमत १० मीटर. आता रेषेखालच्या चौकटी मोजा, अर्ध्यामुर्ध्या जोडून. ४५ भरतील, म्हणजे ४५० मीटर. सूत्रानं पडताळा, १०० + ३०० + ५०. प्रमाण बदलून पुन्हा काढायला सांगा. चौकटी बदलतील, ४५० बदलणार नाही. चौकटी स्वतः मोजल्यावर मग नववीच्या पुस्तकातलं ते समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ पाठ करावं लागत नाही. अंतराच्या सूत्रातलं ut म्हणजे खालचा आयत आणि ½at² म्हणजे वरचा त्रिकोण (u सुरुवातीचा वेग, a त्वरण, t वेळ), हे नुसतं बघून दिसतं.

माग_आणि_धोटा
धागा वाचून राहवलं नाही. आमचे चादरीचे पॉवरलूम होते, लहानपण मागांच्या खडखडाटातच गेलं. डिप्लोमाला विस्थापन आणि अंतर शिकवलं तेव्हा मला धोटा आठवला आणि एका क्षणात कळलं.

धोटा म्हणजे आडव्या सुताची कांडी घेऊन इकडून तिकडे पळणारी लाकडी नाव. एका बाजूच्या पेटीतून दांडीचा फटका बसतो, तो पलीकडच्या पेटीत जाऊन अडकतो, क्षणभर थांबतो, तिकडून फटका, परत इकडे. स्थिती-काल आलेख काढा. चढती तिरकी रेघ, थोडी आडवी, उतरती तिरकी, थोडी आडवी, असं दिवसभर. वेग-काल काढला की अक्षाच्या वर एक ठोकळा, शून्य, खाली एक ठोकळा, शून्य. वरचा आणि खालचा ठोकळा सारखेच, म्हणून एका फेरीचं विस्थापन शून्य.

पण अंतर मोजा. एका फटक्यात धोटा दीड मीटर जातो आणि मिनिटाला शंभर वेळा जातो असं धरू. मिनिटाला १५० मीटर, तासाला ९ किलोमीटर. पाच तास माग चालला तर ४५ किलोमीटर, म्हणजे सोलापूरहून जवळपास तुळजापूर. आणि धोटा आहे त्याच पेटीत. माझे वडील शाळा शिकले नव्हते. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते मागाकडे बराच वेळ बघत राहिले.

सर, एक विचारायचं होतं. पुस्तकात अशा आलेखांचे कोपरे टोकदार काढतात. धोट्याचा कोपरा खरंच तसा असतो का?

फळा_खडू
नसतो. टोकदार कोपरा म्हणजे शून्य वेळात वेग बदलला, त्याला अमर्याद त्वरण लागेल. फटका कितीही झटक्यात बसला तरी त्याला काही ना काही वेळ लागतोच, त्यामुळे कोपरा किंचित गोल असतो. आलेखाचं प्रमाण इतकं लहान असतं की गोलाई दिसत नाही, म्हणून आपण टोकदार काढतो. हेच ताईंच्या सायकललाही लागू आहे, तीही एका क्षणात थांबली नसणार. आणि धोट्याच्या टोकांना धातूचं मजबूत टोक का बसवतात, तेही यातूनच कळतं. एवढ्या थोड्या वेळात वेग बदलायचा तर फटका जबरदस्त बसतो.

निवृत्त_कंट्रोलर
ताई, आणखी एक करून बघा. व्हरांड्यात खडूनं फूट-फूट अंतरावर रेघा मारा. तुम्ही दर सेकंदाला टाळी वाजवा, लेकीला आलेख हातात द्या आणि तो चालून दाखवायला सांगा. नवीन मुलांना मी चार्ट असाच शिकवायचो, ऑफिसच्या पॅसेजमध्ये. आधी 'अमुक आलेख काढ' म्हणायचं नाही. आधी चालायचं, मग काढायचं.

जुळे_सोलापूर
काका, काल रात्री जेवणं झाल्यावर केलं. धाकटा पाचवीत आहे, तोही आला. लेक आलेख काढणार आणि तो चालणार. चढती रेषा, आडवी, उतरती, सगळं नीट चालला. पायऱ्यांसारखी रेषा दिली तर तो दोन टाळ्या थांबे, दोन टाळ्या चाले. मग मध्येच हिनं पट्टी ठेवून एक सरळ उभी रेघ ओढली आणि म्हणाली, "आता ही चाल."

तो पहिल्या खडूच्या रेघेवर उभा. मी टाळी वाजवली. तो हलेना. म्हणाला, "ताई, एकाच टाळीत सगळ्या रेघांवर कसा उभा राहू?"

लेक हसायला लागली. मग तिनं आलेखाकडे पाहिलं आणि रेघ खोडली.

निवृत्त_कंट्रोलर
बरोबर खोडली. तिला म्हणावं, आता एक रेघ उजवीकडून डावीकडे जाणारी काढ आणि भावाला दे.